कॅन्ससच्या खेड्यातली शाळा: लेकीला इथेच ठेवू की शहरात हलू?

गव्हाळी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज लिहायची वेळ आली. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही पश्चिम कॅन्ससमधल्या एका गावात राहतो. नाव सांगत नाही. मराठी घर एकच आहे, नाव सांगितलं की पत्ताच दिल्यासारखं होईल. नवरा डॉक्टर. जे-१ व्हिसावर (हा एक्सचेंजचा व्हिसा) रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण, केलेल्यांना कॉनराड ३० माहीत असेल. दोन वर्षं मायदेशी जाण्याची अट माफ करून घ्यायची तर जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा ठिकाणी तीन वर्षं काढायची, आणि राज्याला वर्षाला अशा तीसच जागा. तीन वर्षांसाठी म्हणून आलो, आता आठवं चालू आहे. दर उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो आणि गहू कापणीला येतो.

मुलगी सातवीत आहे. आमचा अख्खा स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे ही एक शाळा. बालवाडीपासून बारावीपर्यंत मिळून २३१ मुलं, लेकीच्या वर्गात १७. वर्क परमिट आल्यापासून मी त्याच शाळेत पॅरा म्हणून काम करते, म्हणजे बाईंच्या हाताखाली मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसायचं. आमचे सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, हेच प्राथमिकचे मुख्याध्यापक. ड्रायव्हर आजारी पडला की सकाळी बसच्या स्टिअरिंगवरही तेच.

अडचण अशी की हायस्कूलचे गणिताचे सर मे महिन्यात निवृत्त होतायत. जाहिरात देऊन तीन महिने झाले, एकही अर्ज नाही. केमिस्ट्री गेल्या वर्षापासून पडद्यावर आहे, शिकवणाऱ्या बाई दीडशे मैलांवर. आता २६ मैलांवरच्या शेजारच्या डिस्ट्रिक्टने प्रस्ताव पाठवलाय की हायस्कूल मिळून चालवू, इमारत त्यांची. पुढच्या महिन्यात बोर्डाची बैठक आहे. नवऱ्याला तिकडे पूर्वेला, कॅन्सस सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्कला नोकरी मिळतेय. तिथल्या शाळा काय आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लेकीला विचारलं तर म्हणते, मी गेले तर व्हॉलीबॉलला सहावी कोण? बाकी काही ऐकून घ्यायला तयार नाही. तुमचे अनुभव सांगा.

बिनकामाचा

आधी एक शंका. २३१ मुलांचा अख्खा जिल्हा? आमच्या जिल्ह्यात एका आश्रमशाळेत याहून जास्त पोरं आहेत.

गव्हाळी

:) दोष भाषांतराचा आहे. इथला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. जिल्ह्यासारखी काउंटी वेगळी, कॅन्ससमध्ये त्या १०५ आहेत. शाळांचे डिस्ट्रिक्ट त्याहून निराळे, पावणेतीनशेच्या वर. प्रत्येकाचं स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड, स्वतःचा कर आणि स्वतःची हद्द. आमच्या बोर्डावर सात जण आहेत, पैसे कुणालाच मिळत नाहीत. एक जण फीडलॉट (मांसासाठीची जनावरं पोसायचे मोठे गोठे) चालवतो, एक बँकेत आहे, एकीचं ब्यूटी पार्लर आहे. बैठकीला गेलं की मागच्या बाकावर त्यांच्याच आया बसलेल्या असतात.

जुना_पाटणकर

गव्हाळीताई, धागा वाचून राहवलं नाही. मी निवृत्त केंद्रप्रमुख, सातारा जिल्हा. नोकरीतली बरीच वर्षं कोयनेच्या पलीकडच्या बाजूला गेली.

बिनकामाचा यांना सांगतो, हे आपल्याकडेही अगदीच परकं नाही. म्हातारी माणसं अजून 'लोकलबोर्डाची शाळा' म्हणतात ना, ते उगीच नाही. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डं होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. माझे वडील शेवटपर्यंत 'बोर्डाचा मास्तर' म्हणवून घ्यायचे.

आमच्या केंद्रात ७ पटाची शाळा होती. दोन शिक्षक, चार इयत्ता. कागदावर बघणाऱ्याला वाटेल चैन आहे. पण त्यातला एक कायम बीएलओ म्हणून मतदार याद्या, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब नाहीतर तालुक्याची मीटिंग यात अडकलेला. पावसाळ्यात लाँच बंद पडली की पलीकडचा मास्तर पलीकडेच. तुमच्या सुपरिंटेंडंटची बस वाचून हसूही आलं आणि भरूनही आलं.

ओपीवाला_नितीन

मी ओव्हरलँड पार्कमध्ये आहे, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा. इथे हायस्कूलला एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयांची यादी दोन पानं भरते. रोबोटिक्स, डिबेट, ऑर्केस्ट्रा, मराठी मंडळ, गणपतीला ढोलताशा. तुमची मुलगी हुशार असेल (डॉक्टरची मुलगी म्हणजे असणारच, हलके घ्या) तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस न शिकता तिने इंजिनीअरिंगला जायचं कसं? गावावर प्रेम असणं चांगलंच, पण त्याची किंमत लेकीने का भरायची?

तरी खरं तेही सांगतो. माझ्या मुलाला इथे बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलं नाही, बँडमध्ये सोळावा क्लॅरिनेट आहे आणि काउन्सेलरने दोन वर्षांत त्याला एकदा भेटायला बोलावलं. तेही चुकीच्या नावाने.

सोलापूरकर_टेक्सासात

ज्या गणिताच्या सरांसाठी तुमच्याकडे अर्ज येत नाहीत ना, तो अर्ज म्हणजे मी. म्हणून लिहितोय.

सोलापुरात बारा वर्षं गणित शिकवलं, मग जे-१ वर इकडे आलो. पश्चिम टेक्सास, १८० मुलांचा डिस्ट्रिक्ट. अल्जिब्रा एक, जॉमेट्री, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस आणि फिजिक्स असे रोज पाच वेगवेगळे विषय. शहरातल्या शाळेत एक मास्तर एक-दोन विषयांचे सहा तास घेतो, एका तयारीत दिवस निघतो. इथे पाच तयाऱ्या. शिवाय शुक्रवारी रात्री मॅचला घड्याळ लावायला मीच. फिलिपिनो बाई आहेत दोघी, एक विज्ञानाला, एक विशेष मुलांना. आम्ही तिघे गेलो तर त्या हायस्कूलला कुलूपच.

आणि आम्ही जाणारच आहोत. जे-१ तीन वर्षांचा, फार तर दोन वाढवून मिळतात, मग परत. पूर्वी शाळा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, करून द्यायच्या. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून आणायच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर बसवले. डोक्यात सॉफ्टवेअर कंपन्या असतील, पण १८० मुलांची शाळा एक लाख डॉलर कुठून आणणार? माझ्या पगाराच्या जवळपास दुप्पट झाले ते.

ताई, तुमच्याकडे राहण्याची सोय देतात का? आमच्याकडे डिस्ट्रिक्टच्या मालकीची चार घरं आहेत शिक्षकांसाठी. त्याशिवाय इथे कुणी येतच नाही. गावात भाड्याने घरच मिळत नाही.

गव्हाळी

@सोलापूरकर, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे आपलंच की." खरंच आहे. गावचा डॉक्टर आणि गावचा गणिताचा मास्तर दोघेही व्हिसाच्या अटीवर आलेले. घरं नाहीत आमच्याकडे. तोही मुद्दा बैठकीत मांडीन.

नितीन, कॅल्क्युलसचं म्हणणं मान्य. उपाय म्हणून इथे कम्युनिटी कॉलेजचे कोर्स अकरावी-बारावीत करता येतात, क्रेडिटसकट. गेल्या वर्षी एक मुलगा २४ क्रेडिट घेऊन बाहेर पडला. पण तो पडद्यासमोर एकटा बसून शिकला. सगळ्यांना ते जमत नाही, आणि माझ्या लेकीला जमेल असं छातीठोकपणे मी तरी म्हणणार नाही.

टीमचं मात्र खरंय. इथे कुणाला घ्यायचं नाही असा प्रश्नच येत नाही. जो चालू शकतो तो खेळतो. तोच मुलगा नाटकात, बँडमध्ये आणि एफएफएच्या (शेती शिकणाऱ्या मुलांची संघटना) निळ्या कॉर्डरॉय जाकिटात. मध्यंतराला फुटबॉलच्या कपड्यांतच ट्रम्पेट वाजवतात पोरं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हिशेबी

भावना बाजूला ठेवून बोलू का? प्रत्येक २५ मैलांवर एक सुपरिंटेंडंट, एक ऑफिस, एक बॉयलर. दोनशे मुलांसाठी हे परवडतं कसं? एकत्र करा, वाचलेल्या पैशात तो गणिताचा मास्तर येईल. अमेरिकेत १९४० च्या सुमारास १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट होते, आज १३ हजारांच्या घरात आहेत. म्हणजे दहातले नऊ आधीच गेले आणि देश काही बुडाला नाही. हवाईत तर संपूर्ण राज्याचा मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे.

लिटलरॉकचा_गणप्या

हिशेबीराव, हिशेब बरोबर, पण वजाबाकी कुणाच्या खात्यातून झाली तेही बघा. आमच्या आर्कान्सामधली गोष्ट सांगतो.

मिसिसिपीकाठच्या डेल्टात लेक व्ह्यू नावाचा छोटा, गरीब डिस्ट्रिक्ट होता, जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय. त्यांनी १९९२ मध्ये राज्यावर खटला भरला की शाळांना पैसा वाटायची पद्धत अन्यायाची आहे. दहा वर्षं भांडले. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, बरोबर आहे तुमचं, व्यवस्था घटनाबाह्य आहे, सुधारा. मग सरकारने सुधारणा केली. पैसा वाढवला, आणि जोडीला कायदा केला की सलग दोन वर्षं ३५० पेक्षा कमी मुलं असलेला डिस्ट्रिक्ट विलीन व्हायचा. २००४ मध्ये खुद्द लेक व्ह्यूच शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन झाला. खटला जिंकला आणि घर गेलं.

बचतीचंही एक. न्यूयॉर्क राज्यातल्या विलीनीकरणांचा अभ्यास झालाय. दोन अगदी छोटे डिस्ट्रिक्ट एकत्र आले तर खर्च खरंच कमी होतो. आकार वाढत जातो तशी बचत आटत जाते. आणि मुलाने बसमध्ये घालवलेला तास कुठल्याच वहीत खर्ची पडत नाही.

हिशेबी

लेक व्ह्यूचं माहीत नव्हतं. पण गव्हाळीताईंचा डिस्ट्रिक्ट 'अगदी छोटा' मध्येच बसतो ना? मग माझा मुद्दा उभाच आहे.

गव्हाळी

बसतो, नाही कुठे म्हणतेय. हे डिस्ट्रिक्टसुद्धा जोडूनच झालेत. कॅन्ससने १९६३ ला कायदा केला आणि दीड-दोन हजार डिस्ट्रिक्टचे काही वर्षांत तीनशेच्या आसपास केले. आमच्याकडे तेव्हा तीन गावं एक झाली. आमचे शेजारी ऐंशीच्या पुढचे आहेत. ज्या गावची शाळा तेव्हा गेली, त्या गावात आता धान्याचं एलिव्हेटर (उंच कोठार), एक चर्च आणि पोस्टाच्या पेट्या उरल्यात. शाळेमुळे गाव गेलं असं मी म्हणणार नाही. यंत्रं मोठी झाली, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागायला लागली. ओगलाला या जमिनीखालच्या साठ्याचं पाणी खाली चाललंय. गाव जाणारच होतं कदाचित. पण शाळा गेल्यावर ते कुणी थांबवायचा प्रयत्नही केला नाही, असं ते शेजारचे आजोबा म्हणतात.

इथे पट मोजायचं एकक फुटबॉल आहे बरं का! अकरा जणांचा संघ होता म्हणजे गाव भरलेलं. मग आठ जणांचा खेळ. आता सहा जणांचा खेळायची चर्चा आहे, तेव्हापासून कॉफीच्या दुकानात सुतकी चेहरे.

सोलापूरकर_टेक्सासात

अवांतर: सहा जणांच्या फुटबॉलला नावं ठेवू नका! १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या एका शिक्षकाने छोट्या शाळांसाठीच तो काढला. मैदान ८० यार्डांचं, सहाही जण पास झेलू शकतात, आणि मध्यंतरानंतर कुणी ४५ गुणांनी पुढे गेलं की खेळ खलास. आमच्याकडे तर त्यासाठी वेडी होतात माणसं. नुसती पळापळ.

मंदाकाकू

मला फुटबॉल कळत नाही. पण ताई, तू शाळेत ज्या मुलांना घेऊन बसतेस ती कुठली? सगळी गोऱ्या शेतकऱ्यांची का?

गव्हाळी

काकू, नाही. बरं झालं विचारलंत, हे कुणी विचारत नाही. आमच्या शाळेत जवळपास तिसरा हिस्सा मुलं डेअरीत आणि फीडलॉटवर काम करणाऱ्यांची आहेत. गार्डन सिटी, डॉज सिटीला मांसाचे मोठे कारखाने आहेत, तिकडून पसरत आमच्यापर्यंत आलेली कुटुंबं. ही मुलं नसती तर बालवाडीचा वर्ग केव्हाच बंद झाला असता, आणि तरी कॉफीच्या दुकानात काही लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला, पहिलीत. ग्वाटेमालाचा. इंग्रजी येत नाही म्हणून त्याला स्पॅनिशमधून सांगायचं ठरलं. दोन महिने पोर गप्प. बाईंना वाटलं ऐकू कमी येतं. ऐकण्याची तपासणी करायची तर स्पीच थेरपिस्ट पाच-सहा डिस्ट्रिक्टमध्ये मिळून एक, आमच्या वाट्याला आठवड्यातून दोन दिवस. शेवटी त्याच्या मावशीला भेटले तेव्हा कळलं, त्याला स्पॅनिशही येत नाही. घरात कीचे बोलतात, माया लोकांची भाषा. मला लख्खकन आठवलं ते आमच्या अमरावतीच्या मावशीचं. ती मेळघाटात शिक्षिका होती. म्हणायची, कोरकू पोरांना पहिल्या दिवशी मराठीत 'बसा' म्हटलं तर ती नुसती बघत राहायची.

आता तो तिसरीत आहे. माझ्याकडून 'चल चल' शिकलाय आणि ते सगळ्या शाळेत पसरवलंय.

जुना_पाटणकर

वा! हे आमच्या बैठकांत सांगायला हवं होतं. २०२३ मध्ये आपल्याकडे समूह शाळांचं पत्र निघालं, २० पर्यंत पट असलेल्या शाळा जोडायच्या म्हणून. नमुना म्हणून पुण्याच्या पानशेतची आणि नंदुरबारच्या तोरणमाळची समूह शाळा दाखवली. राज्यात अशा चौदा-पंधरा हजार शाळा, त्यांत पावणेदोन लाखांच्या वर मुलं. समूह शाळेत खेळ, संगणक, विषयाला शिक्षक मिळेल हे खोटं नाही. चार मुलांच्या वर्गात मूल बुजतं, हेही मी पाहिलंय. पण बस येणार कुठून? डोंगरातली सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून जाईल का? थोरली पोर तर पहिली घरी बसते, हे सांगायला मास्तर लागत नाही.

ताई, तुमच्यात आणि आमच्यात मला फरक एकच दिसला. तुमच्याकडे बैठक आहे. आमच्याकडे पत्र येतं. शाळा व्यवस्थापन समिती आहे, ठरावही करते, पण कर लावायचा अधिकार नाही आणि शाळा ठेवायचाही नाही.

हिशेबी

पाटणकरकाका, कर लावायचा अधिकार असता तरी त्या सात पटाच्या वाडीने कर लावला किती असता?

जुना_पाटणकर

खरंय बाबा. शून्य.

गव्हाळी

इथेही तेच दुखणं आहे. सरकारी शाळांसाठी राज्यभर मालमत्तेवर २० मिलचा (मिल म्हणजे करपात्र किमतीच्या हजार डॉलरला एक डॉलर) कर आहे, तो सगळ्यांना सारखा, आणि छोट्या डिस्ट्रिक्टला राज्य प्रत्येक मुलामागे जास्त पैसेही देतं. पण छप्पर बदलायचं, नवी इमारत बांधायची, तर रोखे काढावे लागतात आणि त्यावर गावात मतदान. कर पडणार जमिनीवर. ज्याच्याकडे दोन हजार एकर आहे त्याला घसघशीत बिल येतं, आणि त्या वर्षी गव्हाला भाव नसतो. आमचा गेला रोख्यांचा प्रस्ताव ३१ मतांनी पडला. जिमच्या छताखाली बादल्या अजून आहेत. केंद्राकडून ग्रामीण छोट्या शाळांसाठीचं अनुदान येतं, सहाशेपेक्षा कमी मुलं असली की. चांगलंय, पण त्यात एक शिक्षकही नीट बसत नाही. आमच्याकडे ते लॅपटॉपमध्ये गेलं.

बिनकामाचा

चार दिवसांचा आठवडा करा की. मिसूरीत म्हणे बऱ्याच शाळांनी केलाय. पोरं खूश, मास्तर खूश.

सोलापूरकर_टेक्सासात

मास्तर खूश, हे बरोबर. सोमवार सुट्टी दिली की पगार न वाढवता दोन अर्ज जास्त येतात. म्हणूनच करतात. मिसूरीत साधारण तिसरा हिस्सा डिस्ट्रिक्ट गेलेत त्या वाटेने. पण शेजारचा डिस्ट्रिक्टही करतो आणि मग फायदा संपतो, उरतो नुसता एक दिवस कमी. शाळेत जे पोर दोन वेळचं जेवतं त्याने त्या दिवशी काय करायचं, हे ठरवायला कुणी बसत नाही.

मंदाकाकू

ताई, बैठकीचं काय झालं गं? मी रोज धागा उघडून बघते.

गव्हाळी

झाली काल. जिममध्ये घ्यावी लागली, एवढी माणसं. (बादल्यांच्या मधून खुर्च्या मांडल्या.) सव्वातीन तास.

मी उठून बोलले. इंग्रजीत घाबरत घाबरत, दोन मिनिटं. शिक्षकासाठी घराचं बोलले, सोलापूरकरांच्या डिस्ट्रिक्टचा दाखला दिला. मोडकळीला आलेलं पार्सनेज (पाद्र्याचं घर) रिकामं आहे, ते मेथॉडिस्ट चर्चवाले देऊ शकतील असं मागून कुणीतरी म्हणालं. त्यावर तिथेच समिती नेमली. समिती नेमण्यात हे लोक आपल्याला हार जाणार नाहीत.

एक बाई उठल्या, चौथ्या पिढीतल्या शेतकरी. मला वाटलं शाळेच्या बाजूने बोलतील. त्या म्हणाल्या, माझ्या नातवाला फिजिक्स हवंय, २६ मैल काही फार नाहीत, चौदाव्या वर्षी पोरं शेतीचा परवाना काढून गाडी चालवतातच. जिम चिडीचूप. टाळी कुणी वाजवली नाही, पण उलट उत्तरही कुणी दिलं नाही.

ठराव असा झाला: खेळांचे संघ पुढच्या वर्षीपासून एकत्र. गणित आणि केमिस्ट्रीचे शिक्षक दोन्ही डिस्ट्रिक्टने मिळून नेमायचे, त्यांनीच गाडी घेऊन फिरायचं. हायस्कूल तूर्त दोन्हीकडे. पूर्ण विलीनीकरण करायचं तर मतदान लागेल, ते वर्षभर नाही. ४ विरुद्ध ३. फीडलॉटवाला विरोधात गेला, ब्यूटी पार्लरवाली बाजूने. तिच्या आईने मागून "गुड गर्ल" म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं.

ओपीवाला_नितीन

आणि तुमचं?

गव्हाळी

नवऱ्याने ओव्हरलँड पार्कवाल्यांना ऑगस्टपर्यंत मुदत मागितलीय. त्यांनी जूनपर्यंत दिली. लेक नववीला जाईपर्यंत मास्तर मिळाला तर राहू, नाही मिळाला तर माझ्याच्याने तिला पडद्यासमोर बसवणं होणार नाही, हे मी तिला सांगितलंय. ती सध्या माझ्याशी बोलत नाहीये. संघ एकत्र झाल्यामुळे तिच्या जागेसाठी आता पलीकडच्या गावच्या सात मुली आहेत, हे तिला अजून लक्षात आलेलं नाही.

@सोलापूरकर, जाहिरातीची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीय. जे-१ ची किती वर्षं उरलीत तुमची?

सोलापूरकर_टेक्सासात

दीड. व्यनि पाहिला. तिकडे बर्फ किती पडतो?